पेरून आणि पेर्कूनास: मधल्या ‘क’चा प्रश्न

स्लाव्ह लोकांचा पेरून आणि लिथुआनियाचा पेर्कूनास हे दोघेही गडगडाटाचे देव. दोघांच्याही हाती वीज आणि दोघांचेही नाते ओक वृक्षाशी. त्यामुळे ही एकाच नावाची दोन रूपे असावीत, असा समज सहज होतो. परंतु मधला ‘क’ हा उच्चारातला किरकोळ फरक नव्हे, कारण स्लाव्ह भाषांच्या ध्वनिनियमांनुसार तो असा आपोआप गळून पडत नाही.

‘पेरून’ची फोड स्लाव्ह भाषांतच होते. रशियनमध्ये ‘बेगून’ म्हणजे धावणारा, तसा ‘पेरून’ म्हणजे प्रहार करणारा. त्याच धातूपासून आलेल्या पोलिश ‘प्राच’ या क्रियापदाचा अर्थ आज कपडे धुणे असा असला, तरी बदडणे हा अर्थही टिकून आहे. ‘धुलाई’ या शब्दाचे दोन्ही अर्थ जाणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कीएव्हमध्ये तिथला राजा व्लादिमिर याने 980 साली उभारलेल्या पेरूनच्या लाकडी मूर्तीला चांदीचे डोके आणि सोन्याच्या मिशा होत्या, असे जुनी बखर सांगते. 988 मध्ये राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटत नेली, काठ्यांनी बडवली आणि नीपर नदीत लोटून दिली. देव गेला, शब्द मात्र राहिला. पोलिशमध्ये ‘प्योरून’ म्हणजे कोसळणारी वीज, स्लोव्हाकमध्ये ‘पारोम’ शिव्याशापांत उरला आहे, तर सर्बियन, क्रोएशियन आणि बल्गेरियनमध्ये ‘पेरुनिका’ हे आयरिसच्या फुलाचे नाव आहे. जर्मन भूमीवर बोलल्या जाणाऱ्या आणि आता नामशेष झालेल्या पोलाबियन या स्लाव्ह भाषेत तर गुरुवारालाच पेरूनचा वार म्हणत. अर्थात हा जर्मन ‘डोनर्सटाग’चा, म्हणजे ‘गडगडाटाच्या वारा’चा, अनुवाद असण्याचीच शक्यता अधिक.

पेर्कूनास आणि त्याचा लाटव्हियन भाऊ पेर्कोन्स यांचे मूळ मात्र बहुतेक अभ्यासक ओकवाचक जुन्या शब्दात शोधतात. लॅटिनमधला ‘क्वेर्कुस’ त्याच कुळातला. म्हणून दैवत मुळात एकच असेल, पण नावे दोन वेगळ्या धातूंची, हे मत मला अधिक पटते.

ऋग्वेदातला पर्जन्यही गर्जत येतो आणि झाडे मोडतो, म्हणून त्याला या दोघांच्या पंक्तीत बसवण्याचा मोह जुना आहे. पेर्कूनासशी त्याचे नाव जुळवताना अडचण पुन्हा त्याच जागी येते: तिथे ‘क’, इथे ‘ज’.