तार, पुली आणि पुश-रॉड: हलक्या विमानाच्या नियंत्रणाची पार्श्वभूमी

घरी हलकं विमान बांधायचा विषय निघाला की कोल्हापुरात पहिली चर्चा इंजिनाची होते. कारखान्यांच्या उद्यमनगरात ते साहजिकच आहे. पण विमान वैमानिकाच्या हातात राहतं ते स्टिक आणि पेडलपासून पंख-शेपटीपर्यंत गेलेल्या तारा, पुली आणि दांड्यांमुळे. चांगल्या फिटरला यातलं काहीच परकं वाटणार नाही. ही जोडणी आजच्या रूपात कशी आली, हे मात्र त्याला माहीत असायलाच हवं, कारण तिचे बरेच नियम माणसं गमावून शिकलेले आहेत.

राइट बंधूंचा डेटनमधला धंदा सायकलींचा. त्यांच्या १९०३ च्या विमानात वैमानिक पालथा झोपून कंबर डावी-उजवी सरकवायचा. कंबरेखालच्या पाळण्याच्या तारा पंखांची टोकं पिळायच्या आणि त्यांच्याच जोडीनं रडरही, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळीही, वळायचं. पुढे पंख ताठ होत गेले, पिळणं जमेना, आणि पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या, म्हणजे एलेरॉन, रूढ झाले. १९०८ मध्ये फ्रेंच विमानकार ब्लेरियोच्या आठव्या विमानात हाताला स्टिक आणि पायाला रडर अशी मांडणी आली. मूळ मांडणी अजून तीच आहे.

१९१० मध्ये ब्राझीलचे वैमानिक सांतोस-ड्युमाँ यांच्या 'द्म्वाझेल' विमानाचे आराखडे अमेरिकेतल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स'नं छापले. पेटंटची अडकाठी नव्हती. ज्याला जमेल त्यानं बांधावं. पुढच्या दहा वर्षांच्या आतच बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा सिनेकॅमेरा बांधला. मला या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटतात.

पण सोपेपणाची हौस जिवावरही बेतली. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या आंरी मिन्येनं 'पू-द्यु-सिएल' नावाचं विमान काढलं. एलेरॉन नाहीत, पेडल नाहीत. स्टिक ओढली की पुढचा अख्खा पंखच बिजागरीवर कलायचा. लोकांनी ते हौसेनं घराघरांत बांधलं. काही स्थितींत दोन पंखांमधली हवा अशी वाहायची की सूर मारलेलं विमान स्टिक ओढूनही वर येत नसे. माणसं दगावली, आणि मोठ्या वातबोगद्यात (कृत्रिम वारा सोडून विमान तपासायच्या बोगद्यात) तपासणी झाल्यावर दोष आराखड्यातच असल्याचं दिसलं.

जोडणीची चूक तर नामवंत कारखान्यातही झाली. २३ ऑगस्ट १९४७ ला इंग्लंडमधल्या वुडफर्डला अव्रो ट्यूडर-२ उडताच कोसळलं. दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांत रॉय चॅडविक होते, लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार. डावीकडे झुकायला लागलेलं विमान सावरायला स्टिक उजवीकडे न्यावी आणि विमानानं आणखी डावीकडेच पडावं, अशा वेळी विचार करायला सेकंदही मिळत नाहीत. म्हणून जोडणारा सोडून दुसऱ्या जाणत्या माणसानं ती तपासायची, हा आग्रह मला कधीच जाचक वाटला नाही.

दुसरा धडा त्याहून जुना. १९१६ मध्ये हँडली पेज बॉम्बरची शेपटी हवेत भयंकर थरथरायची. डाव्या-उजव्या एलेव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या फळ्यांना, वेगवेगळ्या तारा होत्या, त्यामुळे ते एकमेकांच्या उलट हलू शकत. दोन्ही एका ताठ नळीनं जोडल्यावर थरथर थांबली.

तार फक्त ओढते, म्हणून प्रत्येक हालचालीला जाणारी-येणारी जोडी लागते. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं: धातूच्या सांगाड्यात पोलादी तार उन्हात ताणते, थंडीत सैल पडते. पुश-रॉडला, म्हणजे ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या ताठ दांड्याला, हा त्रास कमी, पण प्रत्येक सांध्यातली ढिलाई तो साठवत जातो. व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेत, म्हणजे घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांत फार गाजलेल्या मालिकेत, एलेरॉन-एलेव्हेटरला पुश-रॉड आणि रडरला तार अशी विभागणी आहे. नवख्यानं तीच धरावी, असं माझं मत.

टर्नबकलला (तार ताणायच्या स्क्रूला) लॉक वायर, कॅसल नटला (खाचा असलेल्या नटला) स्प्लिट पिन, हालचालीच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉप, एवढं झाल्यावर दिशा बघायची. अंगठा वर ठेवून स्टिक धरा आणि डावीकडे न्या: अंगठा ज्या बाजूला झुकतो, त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे.