किझिल-आर्त खिंडीत: गाडीचा दम आणि आपला दम

ओशहून सकाळी लवकर निघालेली मोटरसायकल त्याच दिवशी किझिल-आर्त खिंडीत पोचू शकते. सगळा घोळ इथेच आहे. किर्गिझस्तानातलं ओश शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटरवर आहे आणि किर्गिझस्तान-ताजिकिस्तान सीमेवरची ही खिंड आहे 4,280 मीटरवर. वाटेत 3,615 मीटरची तालदिक खिंड लागते, मग सारी-ताश गाव. तिथून समोर ट्रान्स-अलाय रांग बर्फाच्या भिंतीसारखी उभी दिसते, त्यातच 7,134 मीटरचं लेनिन शिखर. या रांगेवर चढणारा रस्ता म्हणजे एम-41, पामीर महामार्ग. सोव्हिएत काळात, 1930 च्या दशकात तो बांधला गेला. किर्गिझ चौकीत शिक्का बसला की पुढचे सुमारे 20 किलोमीटर दोन्ही चौक्यांच्या मधले. कच्चा रस्ता आणि तांबडी माती. किझिल म्हणजे तांबडा, आर्त म्हणजे खिंड. ताजिक चौकी पार वर, खिंडीपाशी.

या चढावर गाडी आपल्या आधी थकते. उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण सहज म्हणतो, पण प्रमाण तेवढंच असतं, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. किझिल-आर्तला तो समुद्रकाठच्या जेमतेम 60 टक्के असतो. सिलिंडर प्रत्येक वेळी तेवढीच जागा भरून हवा ओढतो, पण त्या जागेत आता वायूचे रेणूच कमी असतात. दर 300 मीटर चढाईला साधारण 3 टक्के ताकद जाते असा ठोकताळा आहे. म्हणजे समुद्रसपाटीला 24 हॉर्सपॉवर देणाऱ्या इंजिनात खिंडीत 14-15 च उरतात. सामान लादलेली गाडी तिसऱ्यात ओढत नाही, दुसऱ्यात टाकावी लागते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं दुखणं आणखी वेगळं. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. त्याला हवेचं वजन कळत नाही, तिचा वेग कळतो. हवा जोरात गेली की तिच्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल वर येतं. हवा विरळ झाली की ही ओढही कमी होते, पण हवा जितकी घटते तितकं पेट्रोल घटत नाही. इतक्या उंचीवर मिश्रणात पेट्रोल गरजेपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त होतं. स्पार्क प्लग उघडून पाहिला तर एरवी बिस्किटाच्या रंगाचं असणारं त्याचं टोक मखमलीसारखं काळं दिसतं, आणि बोट लावलं की काजळी बोटाला येते. गाडी गुदमरते, धूर सोडते. उपाय साधा: लहान भोकाचं जेट बसवायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दाब मोजणारा सेन्सर हे काम आपोआप करतो. मिश्रण बरोबर राहतं, गेलेली ताकद मात्र तोही परत आणू शकत नाही.

पण गाडीवर बसलेल्या माणसाचं जेट कुठे बदलायचं?

दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनच्या हान राजवटीच्या इतिहासात या पश्चिमेकडच्या पर्वतवाटांचं वर्णन आहे. त्यात 'मोठा डोकेदुखी पर्वत' आणि 'छोटा डोकेदुखी पर्वत' अशी नावंच येतात. तिथे माणसांना ताप चढतो, चेहऱ्याचा रंग उडतो, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात आणि गाढवांचे, गुरांचेही तेच हाल होतात, असं लिहिलं आहे. विरळ हवेच्या आजाराची ही फार जुनी आणि फार नेमकी नोंद आहे.

मानेतल्या धमन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला कळवतात आणि श्वास जोरात सुरू होतो. ऑक्सिजन थोडा वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते जाणवून मेंदूच श्वासाला लगाम घालतो. एकीकडून 'ओढ' आणि दुसरीकडून 'थांब'. रात्री झोपेत ही रस्सीखेच उघडी पडते: श्वास काही सेकंद थांबतो, मग माणूस दचकून हवा ओढत जागा होतो. हा पेच सोडवतात मूत्रपिंडं. ती जादा बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्कधर्मी क्षार, लघवीवाटे टाकून देतात आणि मग श्वास मोकळेपणी वाढू शकतो. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे.

पायी चढणाऱ्याला त्याचे पायच आवरतात, मोटरसायकलस्वाराला आवरणारं काही नसतं. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. तेवढी उंची इथे मनगटाच्या पिळीवर तासाभरातही चढून होते.

त्यात आपल्या डोक्यात सह्याद्रीचे घाट असतात. घाट चढला की उतरायचा, खाली गाव, तिथे चहा. किझिल-आर्तचं तसं नाही. ताजिकिस्तानात शिरलं की पुढे पामीरचं पठार. पहिलं गाव काराकूल, तळ्याकाठचं, सुमारे 3,900 मीटरवर. पुढे अक-बैताल खिंड याहून उंच, 4,655 मीटर. सकाळी ओशला असलेला माणूस रात्री काराकूलला झोपला तर एका दिवसात 2,900 मीटर चढलेला असतो. पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात कच्चट राहतो, आणि जेवणावरची वासना तशीही उडालेली असते. विश्रांती घेतानाही धाप लागत असेल, खोकला येत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर ताबडतोब खाली उतरायचं, दुसरा पर्याय नाही. पण खाली म्हणजे मागे, आणि मागे आहे सीमा. किर्गिझस्तानचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो खालच्या चौकीतच संपलेला असतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा प्रश्न पासपोर्टावरच्या शिक्क्याशी येऊन अडतो.

म्हणून हा रस्ता उलट्या बाजूने करावा, असं माझं ठाम मत आहे. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेहून खोरोग, साधारण 2,100 मीटर. मग मुक्काम करत मुरगाब, साधारण 3,600. असं चढत आलं की किझिल-आर्तनंतर खरोखरच उतार लागतो. ओशकडूनच जायचं असेल तर सारी-ताशला, सुमारे 3,200 मीटरवर, निदान दोन रात्री काढाव्यात. कडाक्याच्या थंडीत लघवीसाठी दोन-तीनदा उठावं लागलं तर चिडू नये. मूत्रपिंडं कामाला लागली आहेत.