ट्रकवरून पडून इजा झाली तर: भरपाईचा अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका अडतो कुठे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक वाढली की गाड्या भरायची घाई सुरू होते आणि थप्पीवरून, फाळक्यावरून (गाडीच्या मागच्या उघडत्या फळीवरून) नाहीतर ताडपत्री आवळताना टपावरून कुणीतरी पडतंच. त्याला उचलून रिक्षात घालायला सगळे धावतात. पुढे टाच किंवा कंबर कायमची जाते, पोतं उचलणं बंद होतं आणि अर्जाचा विचार घरात सुरू होतो तो सहा-आठ महिन्यांनी. फेटाळलेले अर्ज वाचले तर दिसतं की बहुतेकांची चूक अर्जात नसतेच, पहिल्या दोन दिवसांच्या कागदात असते. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात उरकल्या आहेत आणि अडण्याच्या जागा सविस्तर दिल्या आहेत.

आधी दार ओळखा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर तुमचा दावा ईएसआय महामंडळाकडे. कारखान्याने अपघाताचा फॉर्म १२ भरून पाठवायचा असतो. तो गेला की नाही हे आठवड्याच्या आत स्वतः विचारा. अशा कामगाराला नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालालाही १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच संरक्षण दिलं आहे. "तू रोजंदारीवर, कायमचा थोडाच आहेस," हे वाक्य अजून ऐकवलं जातं. त्यात आता काही दम नाही. नैमित्तिक कामगाराला बाहेर ठेवणारी तरतूद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. अपघात त्याआधीचा असेल तर १९२३ चा कायदा, नंतरचा असेल तर संहिता. हिशेबाची चौकट दोन्हीकडे सारखीच आहे, पण अर्जाच्या डोक्यावर कायद्याचं नाव चुकलं की पहिली तारीख त्यातच जाते. खालचे रुपयांचे आकडे १९२३ च्या कायद्याप्रमाणे आहेत.

शेतकरी स्वतःचाच माल स्वतःच्या टेम्पोत भरताना पडला, तर तो कुणाचा कामगार नसतो. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. वय १० ते ७५, सातबारावर नाव असलेला खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तोही तीस दिवसांत. दहाव्या-तेराव्यातच निम्मी मुदत संपते, हे घरातल्या कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

केसपेपरवरची एक ओळ

सगळ्यात जास्त दावे इथे मरतात. जखमीला दवाखान्यात नेतात, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि सोबतचा माणूस सांगतो, "घरात जिन्यावरून पडला." कधी मुकादमाने तसं सांगायला लावलेलं असतं, कधी पोलिसांची भानगड नको म्हणून, तर कधी खासगी दवाखान्यात उपचार लवकर सुरू व्हावेत म्हणून. ती ओळ दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो. तेव्हा चार साक्षीदार उभे केले तरी त्या ओळीसमोर ते फिके पडतात.

त्यामुळे केसपेपरवर "अमुक ठिकाणी ट्रकमध्ये माल भरताना उंचावरून पडून" एवढं आलंच पाहिजे. एमएलसी (मेडिको-लीगल केस) करून घ्या. एमएलसी म्हणजे कुणावर गुन्हा नव्हे. दवाखान्याने पोलिसांना दिलेली ती खबर असते. आधी भलतंच लिहिलं गेलं असेल तर त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जबाब द्या आणि दुरुस्तीसाठी दवाखान्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जितके दिवस जातील तितकी ती दुरुस्ती बनवाबनवीसारखी दिसते.

मालक कोण?

ट्रक एकाचा, माल अडत्याचा, हमालांची टोळी मुकादमाची, उतरवून घेणारा व्यापारी चौथाच. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि अर्जदार बिचारा फक्त मुकादमाला प्रतिवादी करतो, कारण ओळखीचा तोच. मग आदेश मिळतो, पैसे मिळत नाहीत. मुकादमाकडे असतं काय?

कायद्यात यावर उपाय आहे. आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेणाराही भरपाईला जबाबदार असतो. म्हणजे अडत्या, कारखाना, वाहतूकदार, ज्याच्या व्यवसायासाठी गाडी भरली जात होती त्यांना प्रतिवादी करा. त्यांनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, ते त्यांचं ते बघतील.

मालक-कामगाराचं नातं सिद्ध करायला काय लागतं? माथाडी मंडळाची नोंद आणि मजुरीची पावती असेल तर प्रश्नच मिटला. लेव्ही (मजुरीवर मालकाने मंडळात भरायची जादा रक्कम) आणि मजुरी मंडळामार्फत घेण्याचा आग्रह संघटना धरतात तो उगाच नाही. बाजार समितीचा हमाल परवाना चालतो. हे दोन्ही नसेल, आणि खेड्यावरून हंगामापुरतं आलेल्यांकडे ते नसतंच, तर त्या दिवशीची वजनकाट्याची पावती, गेटपास, वाराईची (गाडी भरण्या-उतरवण्याच्या मजुरीची) चिठ्ठी, मुकादमाने फोनवर पाठवलेले पैसे, "उद्या सहाला गाडी लागतीय" असा मेसेज, काहीही चालेल. गाडीचा नंबर मात्र हवाच. टोळीतल्या दोघांचे जबाब लवकर नोंदवून घ्या. पुढच्या हंगामात काम मिळणार नाही या भीतीने माणसं गप्प होतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

"ट्रकवरून पडला" एवढं पुरत नाही

अपघाताचं कारण या रकान्यात लोक तीन शब्द लिहून मोकळे होतात. तिथे लिहायचं ते असं: काय करत होता, किती उंचीवर होता, पाय कशावर होता, आणि धरायला काय होतं. हे प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून बघा, बहुतेक अपघात त्याच त्या चार-पाच तऱ्हांनी होतात.

दोर आवळताना माणूस थप्पीच्या कडेला पाठ करून सगळं अंग मागे टाकून ओढतो. दोर तुटतो किंवा गाठ सुटते आणि तो थेट डोक्यावर खाली येतो. दोर नेहमी जमिनीवर उभं राहून, एक पाय मागे रोवून आवळायचा, आणि झिजलेला दोर त्याच दिवशी फेकायचा. ताडपत्री टाकताना, तीही पावसात ओली झालेली, माणूस मालाच्या शेंड्यावर चालतो; खालून दोन बाजूंनी ओढता येते तिथे वर चढूच नये. फाळका उघडा असताना उलट पावलांनी पोतं ओढणं हा तिसरा प्रकार. डोक्यावर पोतं घेऊन अरुंद फळीवरून चढणं हा चौथा, आणि उसाच्या फडात मोळी घेऊन शिडीवरून ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईमाणसांचं तेच. फळी रुंद, दोन्ही टोकांना पक्की बांधलेली आणि वर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेली हवी. चालकाने न सांगता गाडी पुढे घेणं हा शेवटचा; चाकाला ठोकळा आणि चावी टोळीच्या ताब्यात, एवढ्याने तो टळतो. माल नीट बांधला नसेल तर उतरवणाऱ्याच्याही जिवावर बेततं, कारण वाटेत सरकलेली थप्पी फाळका उघडताच अंगावर येते.

शिडी नव्हती, बांधायला पट्टा नव्हता, उजेड नव्हता, हे अर्जात स्पष्ट लिहा. समोरून हमखास उत्तर येतं: "त्याचाच निष्काळजीपणा." नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. दारूच्या अंमलात असणं, किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, हेच बचाव चालतात, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही चालत नाहीत. हेल्मेट गोदामाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर आदेश मोडला कसा म्हणायचं?

टक्क्यांचा घोळ

सरकारी अपंगत्वाचं प्रमाणपत्र म्हणतं २० टक्के. तेच जोडून लोक २० टक्क्यांचा हिशेब मांडतात. कायदा विचारतो तो कमावण्याची ताकद किती गेली ते. टाचेचं हाड मोडलेला कारकून पुन्हा खुर्चीत बसतो. हमाल पोतं घेऊन फळीवर चढू शकत नाही. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडून "हमालीचं काम करण्याची क्षमता किती टक्के कमी झाली" असं लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या, आणि ते डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारा. नुसता कागद पुष्कळदा उपयोगी पडत नाही.

हिशेब असा. मासिक वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं. ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ८,००० होती. त्याला कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेल्या गुणांकाने गुणतात; वय ४० असेल तर गुणांक १८४.१७. मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्मे, ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के धरून १६,५७,५३०, आणि कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असेल तर त्याच्या ३० टक्के, ४,९७,२५९. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधांची पक्की बिलं जपा. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के. तीन दिवसांत बरं होणाऱ्या दुखापतीला मात्र काही नाही.

गुणांक वयावर ठरतो, आणि आपल्याकडे अर्ध्या टोळीचा जन्म आधारवर १ जूनचा नाहीतर १ जानेवारीचा असतो. शाळेचा दाखला, आधार आणि मतदार यादी यांत तीन वयं निघाली तर समोरचा सगळ्यात मोठं वय उचलतो. नावाचंही तसंच. हजेरीच्या वहीत टोपणनाव आणि आधारवर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

स्टँप पेपरवरची तडजोड

दवाखान्यातून सुटताना कुणीतरी पन्नास हजार हातावर ठेवतो आणि "माझी काही तक्रार नाही" यावर अंगठा घेतो. घरात चूल पेटायची पंचाईत असताना तो अंगठा दिला जातो, समजू शकतं. पण कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा असा करार बाद आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई या कायद्याखालच्या आयुक्तांकडे (ते कोण, हे खाली दिलंय) जमा करावी लागते. थेट घरी दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. सही झाली असली तरी अर्ज करा, मिळालेली रक्कम त्यात प्रामाणिकपणे दाखवा.

मुदती

मालकाला नोटीस शक्य तितक्या लवकर, लेखी, स्पीड पोस्टाने, पोचपावती राखून. अपघात मालकाला आधीच माहीत असेल तर नोटीस राहिली म्हणून अर्ज मरत नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांत, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत. उपचार संपल्यापासून दोन वर्षं, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे.

गाडीचा विमा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ताही सुचवला जातो. उभी गाडीही "वापरात" धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गावर उलटलेल्या टँकरच्या प्रकरणात सांगितलंय. पण तिथली मुदत सहा महिन्यांची आहे, आणि दोन्ही दारांत एकदम जाता येत नाही. एक निवडा, आणि वकिलाला विचारूनच निवडा.

अर्ज कुठे द्यायचा

दावा चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावात "आयुक्त" आहे म्हणून लोक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन दिवस घालवतात, तिथला कारकूनही नीट सांगत नाही. महाराष्ट्रात हे अधिकार न्यायाधीशांकडे राहिले आहेत, कामगार न्यायालय किंवा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केली तर कोणतं दालन ते कळतं. जतचा हमाल वाशीत गाडी खाली करताना पडला तरी त्याला वाशीला खेटे घालायची गरज नाही. अर्जदार राहतो तिथल्या आयुक्तांकडेही दावा करता येतो.

जखमीचा अर्ज नमुना एफमध्ये, मृताच्या आश्रितांचा जीमध्ये. सोबत आधार, वयाचा पुरावा, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं, पोलीस जबाब, नोटिशीची पावती, बँक पासबुक. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मरणोत्तर पंचनामा, मृत्यूचा दाखला. वारस दाखल्यासाठी वर्षभर थांबू नका. इथे प्रश्न वारसाचा नसून आश्रिताचा असतो: पत्नी, अज्ञान (अठरा वर्षांखालचा) मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई. रेशनकार्ड आणि तलाठ्याचा दाखला यांनी तो बहुतेक वेळा सुटतो. अठरा वर्षांवरचा धडधाकट मुलगा आश्रितांत बसत नाही. त्याचं नाव पहिलं घालून आईचं शेवटी टाकलेले अर्ज येतात आणि भांडण तिथेच लागतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात मिळाली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो. पण हे अर्जात मागावं लागतं, आणि छापील नमुना भरून देणारे नेमका तोच परिच्छेद गाळतात. सही करण्याआधी तेवढा शोधून बघा.