मोठ्या टायरला जागा मिळते कुठून?

पिकअप दोन इंच उचलली, की तिला मोठे टायर बसणारच, असा समज सर्रास आढळतो. तो निम्माच खरा आहे. स्प्रिंगजवळ बसवलेली लिफ्ट किट गाडीचा सांगाडा चाकांपासून वर नेते. मागच्या एक्सलचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा आणि दगडावर सर्वांत आधी आपटणारा गिअरांचा भाग, मात्र होता तिथेच राहतो. त्याला जमिनीपासून वर नेण्याचे काम फक्त टायर करू शकतो आणि खडकाळ वाटेवर मोठ्या टायरचा खरा फायदा हाच असतो.

हा फायदा किती, हे टायरवरच्या आकड्यांवरून काढता येते. २६५/६५ आर १७ या मापात टायरची रुंदी २६५ मिलिमीटर असते, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर असते आणि रिमचा व्यास १७ इंच असतो. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास ७७६ मिलिमीटर भरतो. २८५/७० आर १७ चा व्यास याच रीतीने ८३१ मिलिमीटर येतो. फरक ५५ मिलिमीटरचा असला, तरी त्याचा निम्माच भाग चाकाच्या मध्याखाली येतो, म्हणून डिफरन्शियल जेमतेम २७ मिलिमीटर वर जातो. तेवढेच २७ मिलिमीटर टायर पुढे, मागे आणि वरही वाढतो. गाडीला खरी अडचण इथे होते.

चाक खड्ड्यातून उसळते, तेव्हा स्प्रिंग दबत दबत अखेर बंपस्टॉपला, म्हणजे चाकाची वरची धाव रोखणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकते. लिफ्टसाठी स्प्रिंगवर चकती घातली किंवा उंच स्प्रिंग बसवली, तरी बंपस्टॉपची जागा बदलत नाही. म्हणजे पूर्ण दाबाखाली टायर चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत जिथवर लिफ्टशिवाय शिरला असता, तिथवरच लिफ्टनंतरही शिरतो. (बॉडी आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घालणाऱ्या लिफ्टची गोष्ट वेगळी, तिथे कमानीच वर जातात.) त्यामुळे सपाट जागेवर उभ्या गाडीत टायर कुठे घासत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

चोख तपासणीची रीत कष्टाची आहे. चासी स्टँडवर भक्कम टेकवून पुढच्या एका चाकाची स्प्रिंग काढायची, अँटी-रोल बारची (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवायची, टायरच्या खांद्यावर खडू फासायचा आणि जॅकने चाक बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर नेऊन स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर किंवा कमानीच्या मागच्या कोपऱ्यातील बॉडी माउंटवर (बॉडी चासीला जिथे जोडली जाते त्या आधारावर) पांढरा पट्टा उमटला, तर रस्त्यावर टायर नेमका तिथेच घासणार. अस्तर गरम करून मागे दाबता येते. बॉडी माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करणे हे मात्र गंभीर काम आहे.

त्याआधी रिमचा ऑफसेट पाहावा. रिम एक्सलला जिथे टेकते तो पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूस आहे, ते हा आकडा सांगतो. ऑफसेट ३० वरून शून्यावर आणला, की चाक ३० मिलिमीटर बाहेर येते, वळताना ते मोठ्या घेरात फिरते आणि त्याचा कोपरा बंपरकडे किंवा बॉडी माउंटकडे झेपावतो. रुबाबासाठी अशा रिम घेतल्या जातात आणि मग बोल टायरला लावला जातो. उलट, अलाइनमेंट करताना सस्पेन्शनचा खालचा आर्म पुढे घेऊन कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवला, तर चाक किंचित पुढे सरकते आणि मागच्या कोपऱ्याला मोलाचे काही मिलिमीटर मिळतात. लिफ्टमुळे कॅस्टर बहुधा कमी झालेलाच असतो, त्यामुळे हे काम तसेही करावे लागते.

व्यास ७ टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढेच जास्त अंतर कापते. आधी अचूक असलेला स्पीडोमीटर ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ८६ असतो. अंतराची नोंदही कमी होते, म्हणून मायलेज खऱ्यापेक्षा वाईट दिसते. फायनल ड्राइव्ह, म्हणजे एक्सलमधल्या शेवटच्या गिअरांचे गुणोत्तर, ३.९ असेल, तर ती ३.६४ असल्यासारखी गाडी ओढते आणि चढावर खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. ब्रेकचेही तसेच: कॅलिपरची पकड तीच, पण त्रिज्या मोठी, म्हणून पेडल अधिक दाबावे लागते. शिवाय टायरचे वाढीव वजन बहुतांश कडेला असते आणि फिरणाऱ्या कडेचा एक किलो वेग घेताना हौद्यातील जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो.

स्टेपनीचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडलेले असतात. मागे एका बाजूला जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्हचा गिअर टाकला, तर दोन्ही एक्सलांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि कोरड्या, पक्क्या रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, साठत जातो. म्हणून पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा लागतो आणि तो चासीखालच्या जागेत मावला नाही, तर हौद्यात बांधून न्यावा लागतो.