नामशेष प्राण्यांचे पुनरुज्जीवन : वादाची पार्श्वभूमी

नामशेष प्राणी परत आणावेत की नाही, या वादात आज जे मुद्दे मांडले जातात ते जवळजवळ सगळे एका रानबकरीच्या कहाणीत आधीच येऊन गेले आहेत. पिरेनीज पर्वतात राहणाऱ्या ‘बुकार्डो’ या आयबेक्सच्या उपप्रजातीतली सीलिया ही शेवटची मादी. जानेवारी २००० मध्ये स्पेनच्या ओर्देसा राष्ट्रीय उद्यानात ती कोसळलेल्या झाडाखाली मेलेली सापडली. आदल्या वर्षीच तिला पकडून कानाच्या कातडीचा नमुना घेण्यात आला होता आणि त्यातल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या.

त्या पेशींपासून गर्भ तयार करून ते आयबेक्स आणि पाळीव शेळी यांच्या संकरातून झालेल्या माद्यांच्या गर्भाशयात ठेवले गेले. अनेक माद्यांपैकी सात गाभण राहिल्या आणि दिवस पूर्ण भरले ते एकीचेच. ३० जुलै २००३ रोजी शस्त्रक्रिया करून पिल्लू बाहेर काढले. त्याच्या फुफ्फुसात विकृती होती, त्याला श्वास घेता येईना आणि काही मिनिटांतच ते गेले. एकच प्राणी दोनदा नामशेष झाला, असे या घटनेबद्दल तेव्हापासून म्हटले जाते. ज्या माद्यांवर हे प्रयोग झाले, त्यांची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

या प्रयोगातली दुसरी अडचण जास्त मूलभूत होती. साठवलेल्या सगळ्या पेशी एकाच मादीच्या होत्या. पिल्लू जगले असते तरी त्याला जोडीदार नव्हता, कळप नव्हता आणि डोंगरातल्या वाटा दाखवणारी आईही नव्हती. पुढे २०१४ पासून पिरेनीजच्या फ्रेंच बाजूला स्पेनमधल्याच जवळच्या उपप्रजातीचे आयबेक्स सोडण्यात आले. ते तिथे रुळले, त्यांची वीणही वाढली. प्रयोगशाळेतून जे साधले नाही, ते जिवंत नातलगांना मोकळे रान दिल्याने बऱ्याच अंशी साधले. पुनरुज्जीवनाच्या चर्चेत याचा उल्लेख इतका क्वचित व्हावा, हे खटकते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. ऑरॉक्स हा रानबैल १६२७ मध्ये पोलंडमध्ये संपला. १९२० च्या दशकात जर्मनीत पाळीव गुरांच्या निवडक संकरातून तो ‘परत’ घडवण्याचा खटाटोप सुरू झाला. क्वागा हा कमी पट्ट्यांचा झेब्रा. त्यातला शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९८४ मध्ये त्याच्या जतन केलेल्या कातडीतून डीएनएचे तुकडे मिळाले. पुढे १९८७ पासून दक्षिण आफ्रिकेत कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून त्यांची पैदास सुरू झाली. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच होती : दिसायला तसा झाला की झाले. तेव्हा यावर नैतिक वाद असा पेटला नाही, कारण झेब्र्याला झेब्राच जन्माला येत होता. ही दिसण्याची कसोटी लक्षात ठेवायला हवी, ती पुढे पुन्हा येते.

एका मेंढीच्या पेशीपासून तिचीच जनुकीय प्रत, म्हणजे क्लोन, असलेली डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली आणि चित्र पालटले. २००१ मध्ये अमेरिकेत एका गायीच्या पोटी क्लोन केलेला गवा जन्मला आणि दोन दिवसांत हगवणीने मेला. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये टास्मानियन वाघ या नामशेष, पोटाला पिशवी असलेल्या शिकारी प्राण्याच्या क्लोनिंगचा प्रकल्प जाहीर झाला आणि २००५ मध्ये गुंडाळला गेला. मग २०१३ साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या जाहीर परिषदेने हा विषय प्रयोगशाळेबाहेर आणला. माणसाने बंदुकीने आणि कुऱ्हाडीने जे संपवले त्याची भरपाई करणे हे माणसाचेच कर्तव्य आहे, हा समर्थकांचा मुद्दा तिथपासून ठळक झाला. तो मनाला भिडतो हे खरेच. पण भरपाई ज्याला मिळायला हवी तो प्राणी उरलेला नसतो. नव्याने जन्मणाऱ्या जिवावर आपण ते ऋण लादतो.

पैशाचा प्रश्न २०१७ च्या एका अभ्यासाने आकड्यांत मांडला. न्यूझीलंडमधल्या ११ नामशेष प्रजाती परत आणून त्यांचा सांभाळ सरकारी संवर्धन निधीतून केला, तर आज तग धरून असलेल्या ३१ प्रजातींचे संवर्धन सोडावे लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. आमचा पैसा खासगी आहे, तो एरवी संवर्धनाकडे आलाच नसता, असे उत्तर यावर पुनरुज्जीवनाचे समर्थक देतात.

खरा गुंता २०१६ च्या एका निर्णयाचा आहे. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या वर्षी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. उपलब्ध कोणत्याही तंत्राने नामशेष प्रजाती हुबेहूब परत येत नाही, म्हणून जे जन्माला येईल त्याला त्या प्रजातीचा ‘पर्याय’ म्हणावे, अशी भूमिका त्यांत होती. असा पर्याय घडवण्याचे समर्थन तेव्हाच होऊ शकते, जेव्हा मूळ प्राण्याचे निसर्गातले काम तो करील आणि त्यातून संवर्धनाचा लाभ होईल. वरवर हा शब्दांचा काटेकोरपणा वाटतो. पण कायद्याचे संरक्षण, निधी आणि अधिवास हे सगळे प्रजातीच्या नावाने मिळते. ‘परत आली’ असे एकदा मान्य केले, की ‘गेली’ या शब्दाचा धाक संपतो.

एप्रिल २०२५ मध्ये नेमके तेच झाले. एका अमेरिकी कंपनीने बर्फयुगातला डायर वुल्फ हा लांडग्यासारखा नामशेष प्राणी परत आणल्याचे जाहीर केले. तीन पिल्ले होती : दोन नर ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर मादी जानेवारी २०२५ मध्ये जन्मलेली. राखाडी लांडग्याच्या पेशींमधल्या १४ जनुकांत २० बदल करून ती घडवली होती. २०२१ च्या जनुकीय संशोधनानुसार डायर वुल्फ आणि आजचे लांडगे यांचे वंश सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यांच्यातल्या असंख्य फरकांपुढे २० बदल म्हणजे काहीच नव्हे. कंपनीचे म्हणणे असे, की प्रजाती ठरवण्याच्या अनेक पद्धती आहेत, आम्ही रूपावरून ठरवतो. म्हणजे पुन्हा क्वागाचीच कसोटी. संघटनेच्या श्वानकुळाच्या तज्ज्ञगटाने त्याच महिन्यात स्पष्ट केले, की ही पिल्ले डायर वुल्फ नाहीत आणि २०१६ च्या तत्त्वांनुसार पर्यायही नाहीत. काही आठवड्यांनी, हे २० बदल केलेले राखाडी लांडगेच आहेत, असे कंपनीच्याच वैज्ञानिक प्रमुखांनीही सांगितले.

तोवर व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. घोषणा होताच अमेरिकेतल्या संबंधित खात्याच्या मंत्र्यांनी या तंत्राचे स्वागत करताना संकटग्रस्त प्रजातींच्या यादीवर टीका केली आणि नियमनापेक्षा नवे तंत्रज्ञान महत्त्वाचे असल्याचे सुचवले. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे ज्या धोक्याचा इशारा देत होते, तो असा उघडपणे समोर आला.

मॅमथ या नामशेष केसाळ हत्तीचा प्रश्न अजून पुढचा आहे, आणि तिथे बुकार्डोच्या त्या विसरलेल्या माद्यांची जागा हत्तिणी घेणार आहेत. आशियाई हत्तीण सुमारे २२ महिने गाभण असते आणि तिची प्रजाती स्वतःच संकटात आहे. अपयशी गर्भारपण म्हणजे तिच्या स्वतःच्या जातीचे एक पिल्लू कमी. कृत्रिम गर्भाशयाचा पर्याय सांगितला जातो, पण हत्तीच्या आकाराचे असे गर्भाशय अस्तित्वात नाही.

हेच तंत्र जिवंतांसाठी वापरले तेव्हा मात्र फळ मिळाले. काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारखा दिसणारा अमेरिकेतला छोटा शिकारी प्राणी) आजची सगळी संख्या सात जनावरांपासून वाढलेली आहे. १९८८ मध्ये मेलेल्या, वंश पुढे न गेलेल्या एका मादीच्या गोठवलेल्या पेशींतून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्मली. त्याच मादीच्या दुसऱ्या एका क्लोनने २०२४ मध्ये स्वतः पिल्लांना जन्म दिला. हरवलेली जनुकीय विविधता अशी पुन्हा वंशात येऊ लागली. इथे कोणी मेलेली प्रजाती उठवल्याचा दावा केला नाही, म्हणून बातमीही लहानच राहिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबुधाबीत याच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्यांपुढे रानटी प्रजातींच्या जनुकांत फेरफार करण्याला स्थगिती देण्याचा प्रस्ताव आला. तो निसटत्या फरकाने पडला. त्याऐवजी, प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्रपणे आणि सावधगिरीने विचार करावा, असे धोरण मंजूर झाले.