जीवसंहती आणि हवामान

जीवसंहती म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा असा विस्तीर्ण प्रदेश, जिथला झाडोरा आणि त्यावर जगणारे प्राणी तिथल्या हवामानाशी जुळलेले असतात. बायोम हा शब्दही मराठीत रुळला आहे. जीवसंहती ओळखायची ती जातींवरून नव्हे, ठेवणीवरून. आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, कॅक्टस कुळातला; त्रिधारी निवडुंग मात्र एरंडाच्या कुळातला, तोडला की पांढरा चीक गळतो. दोघांचे रक्ताचे नाते नाही, तरी कोरड्या हवेने दोघांना सारखेच घडवले: पाने नाममात्र, खोड हिरवे आणि मांसल, अंगभर काटे. मराठीनेही त्यांना एकच नाव देऊन टाकले.

एकोणिसाव्या शतकात हवामानाची नोंद ठेवणारी ठाणी विरळ होती. म्हणून हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांनी झाडोरा हेच मोजमाप मानले आणि वनस्पतींच्या सीमांना जुळतील असे हवामानाचे वर्ग पाडले. परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९७५ मध्ये वापरलेला आलेख आजही शिकवला जातो. त्यात एका अक्षावर वार्षिक सरासरी तापमान, दुसऱ्यावर वार्षिक पाऊस, आणि मध्ये वर्षावनापासून थंड, वृक्षहीन टंड्रापर्यंत सगळ्या जीवसंहती.

आलेख सोयीचा आहे, पण वार्षिक सरासरी बरेच काही झाकते. मुंबई आणि सिंगापूर दोन्हीकडे वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, सरासरी तापमानही २७-२८ अंशांच्या घरात. तरी सिंगापूरच्या बुकित तिमाह टेकडीवर विषुववृत्तीय वर्षावन टिकून आहे, तर मुंबईच्या बोरिवलीतल्या जंगलात उन्हाळ्यात सागाची वाळकी पाने पायाखाली कुरकुरतात. सिंगापूरला सहसा एकही महिना कोरडा जात नाही. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. उरलेले आठ महिने तग धरायचा तर पाने गाळणे झाडाला परवडते. दुसरी जोडी आणखी चमत्कारिक आहे. सोलापुरात लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो! पण लंडनचा पाऊस बारा महिने झिरपत राहतो आणि थंड हवेत जमिनीतली ओल टिकते, म्हणून तिथे ओकची जंगले वाढू शकली. सोलापूरचे पाणी ऊन शोषून घेते.

जीवसंहती कुठे सापडतात याचे मोठे उत्तर हवेच्या अभिसरणात आहे. विषुववृत्तावर तापलेली दमट हवा वर चढते, थंडावते आणि तिथेच पाऊस पाडते. ॲमेझॉन, काँगो आणि आग्नेय आशियाची वर्षावने या पट्ट्यात आहेत. कोरडी झालेली ही हवा दोन्ही गोलार्धांत साधारण ३० अंश अक्षांशांजवळ खाली उतरते आणि ढग जमू देत नाही. सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग ही वाळवंटे त्यामुळेच. अटाकामा आणि नामिब यांना शिवाय किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहांची जोड मिळते. समुद्र डोळ्यांसमोर, धुकेही दाट, पण पाऊस नाही. या कोरड्या पट्ट्यांच्या ध्रुवांकडील बाजूस, खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर, हिवाळी पावसाचे भूमध्य हवामान येते. भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप भाग आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया येथे त्यातून चिवट पानांची सदाहरित झुडपे घडली.

त्याहून उत्तरेला पानझडी जंगले, आणि खंडांच्या आत, जिथे सागरी वारे पोहोचेपर्यंत सुकतात, तिथे स्टेप आणि प्रेअरीची गवताळ मैदाने. पुढे कॅनडा ते सायबेरिया सूचिपर्णी वृक्षांचा तैगा. सायबेरियाच्या पूर्वेला थंडी इतकी कडक की तिथला लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पाने गाळतो. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंशांखाली गेली की वृक्ष संपतात, टंड्रा सुरू होतो. टंड्राच्या बऱ्याच भागात वर्षाला २५० मिलिमीटरही पाऊस-बर्फ पडत नाही. आकड्यावरून ते वाळवंट ठरावे, पण उन्हाळ्यात पाय ठेवला की जमीन पचपचते. थंडीत बाष्पीभवन जेमतेम, आणि खालचा कायम गोठलेला थर पाणी मुरू देत नाही.

हवामानाचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या उष्ण गवताळ प्रदेशात. जिथे जंगल वाढण्याइतका पाऊस पडतो तिथेही आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये गवताचे राज्य दिसते, कारण निर्णय वणवा आणि चरणारी जनावरे घेतात. कोवळे रोप ज्वाळांपेक्षा उंच होईपर्यंत पुन्हा पुन्हा जळते आणि मुळापासून पुन्हा फुटते. वणवे नसते तर जगातले घनदाट जंगल जवळजवळ दुप्पट असते, असे २००५ च्या एका संगणकीय अभ्यासात दिसले.

हे सगळे सह्याद्रीत एका दिवसात पाहता येते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बुटके सदाहरित जंगल. तिथून पूर्वेला सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरांवर फलटण, पाऊस पाचशेच्या आसपास; हिवर, बोर, बाभूळ आणि मध्ये कुसळीचे गवत. कुसळ कपड्यात शिरते ती त्याची पेरणीची रीत आहे. शेपटीसारखा लांब केस ओल लागली की उलगडतो, सुकला की पिळतो, आणि टोकदार बी मातीत स्क्रूसारखे उतरते. अशा माळरानाला सरकारी दप्तरात पडीक म्हणायची पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आली. जंगल तोडून उरलेला माळ काही ठिकाणी असेलही. पण लांडगा, काळवीट आणि माळढोक घेऊन नांदणाऱ्या प्रत्येक माळाला उजाड जंगल समजून त्यावर झाडे लावणे ही सरळ चूक आहे.

या सीमा कायमच्या नाहीत. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे साधारण अकरा ते पाच हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाचे उन्हाळे अधिक प्रखर होते आणि आफ्रिकेचा मान्सून पार उत्तरेपर्यंत पोहोचत होता. त्या काळात सहारात गवत आणि तळी होती. अल्जीरियातल्या तासिली न'अज्जेरच्या कातळांवर, आज जिथे चहूकडे वाळू आणि खडक, तिथे माणसांनी गाईगुरांचे कळप रंगवून ठेवले आहेत.