एबीसीडीच्या आधी आवाज : पालकांसाठी माहितीपत्रक

वर्ग सुरू झाला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "अजून एबीसीडी पाठ करून घेतली नाही का?" पाठ करून घेणारच आहोत, पण आधी आवाज शिकवतो. कारण कळलं तर घरीही मुलांना मदत करता येईल.

मराठीत अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. क, म, ळ ओळखता आले की मूल 'कमळ' वाचतं. इंग्रजीत सी, ए, टी जोडून 'सीएटी' होतं, 'कॅट' होत नाही. बी, डी, टी यांचा आवाज नावाच्या सुरुवातीला असतो, एफ, एल, एम यांचा शेवटी, आणि 'एच' या नावात 'ह' कुठेच नाही! नुसती नावं घोकलेलं मूल इथेच अडतं.

स्वरांचं प्रकरण जास्त अवघड. २६ अक्षरांत स्वर पाचच : ए, ई, आय, ओ, यू. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत स्वरांचे उच्चार मात्र २० च्या आसपास. त्यामुळे एकटा 'ए' कॅट, केक, कार आणि बॉल या चारही शब्दांत वेगळा वाजतो. चौदाव्या शतकात 'नेम'चा उच्चार 'नामं'च्या जवळचा होता. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, पुढे स्पेलिंग स्थिरावत गेलं आणि उच्चार मात्र बदलत राहिले. शेवटचा 'ई' आज मुका असला तरी कामाचा आहे : 'कॅप'ला तो लागला की 'केप' होतं. 'वाय' तर दोन्हीकडचा, 'येलो'त व्यंजन आणि 'हॅपी'त स्वर.

'ॲन' कधी लावायचं हेही कानानेच ठरतं. 'अवर'मधला एच मुका, म्हणून ॲन अवर. 'युनिव्हर्सिटी'ची सुरुवात 'य'ने, म्हणून अ युनिव्हर्सिटी.

घरी दोनच गोष्टी करा. व्यंजन पाय मोडून म्हणा : ब्, ट्. 'बऽ' असं ओढलंत तर 'बॅट' जुळत नाही. दुसरी, मुलाला आरशासमोर बसवा. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. दिशा सांगणारा 'वेस्ट' म्हणताना दात न टेकता ओठांचा चंबू व्हायला हवा. आपण मराठी माणसं दोन्हीकडे एकच 'व' वापरतो, तेव्हा हा सराव तुम्हीही मुलाबरोबर करा.

शंका असल्यास वर्ग सुटल्यावर ताईंना भेटा. येताना मुलाची वही आणा.